मोटेला जुंपलेला सूर्य

आमच्या गावाचे नाव दिवा. मुंब्रा आणि डोंबिवली यांच्या दरम्यानचे हे रेल्वेचे जंक्शन. इथून एक फाटा पनवेलकडे जातो, दुसरा वसईकडे. दिवाळी अंकात हे नाव शोभून दिसते खरे, पण माझ्या लहानपणी गावात कंदिलाचाच उजेड अधिक. मौज अशी की वीज आमच्या अगदी डोक्यावरून जात होती. जी. आय. पी. रेल्वेने १९२९ च्या सुमारास ठाकुर्लीजवळ चोळे येथे कोळशावर चालणारे मोठे वीजघर उभारले. त्या विजेवर गाड्या आमची भातखाचरे कापीत पुण्याकडे आणि इगतपुरीकडे धावू लागल्या. त्याच तारेखालच्या मळ्यांत माणसे घागरीने आणि बादलीने वांग्यांना पाणी घालीत होती.

शक्ती दारावरून जाणे निराळे आणि ती आपल्या विहिरीवर उतरणे निराळे. या दोहोंमधले अंतर कसे कापले जाते, कोण कापते आणि किती वर्षांनी कापते, हाच या लेखाचा विषय आहे. आज महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्यात गेलात तर विहिरीच्या काठी लोखंडी मांडणीवर तिरपी बसविलेली निळसर काळी तावदाने दिसतात. सूर्यावर चालणारे हे पंप पाहून ही कालपरवाची करामत आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः सूर्याच्या जोरावर पाणी उपसणारा पंप आपल्या मुंबईत १८७८ साली चालून दाखविला गेला होता. मग तो मुंबईहून मुरबाडपर्यंत यायला एवढी वर्षे का लागली?

त्याआधी पाणी कसे उपसले जाई ते आठवू या. देशावर मोट होती. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी आणि तिला खाली सोंड. बैल धावेवरून उतरत गेले म्हणजे जाड नाड्याने मोट वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाने वाफ्यांकडे निघे. मग बैल मागे सरत सरत पुन्हा विहिरीपाशी येत. वसई-अलिबागकडे रहाट असे. माळेला बांधलेली गाडगी भरून वर येत आणि रिती होऊन खाली जात. लहानशा वाडीला लाट पुरे. लांब वाशाच्या एका टोकाला दगडाचे वजन, दुसऱ्या टोकाला बादली. मोटेवरची गाणी ऐकणाऱ्याला गोड लागतात. ती म्हणणारा मात्र पहाटे तीनला उठलेला असे. बैलजोडीची शक्ती धरली तर एका अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे ज्याच्या दावणीला दोन-तीन जोड्या त्याचा मळा बागायती. एक बैल स्वतःचा आणि दुसरा शेजाऱ्याचा, अशी ज्याची स्थिती, त्याचे शिवार पावसाच्या भरवशावर.

आता १८७८ च्या मुंबईत येऊ. विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ तेथे सरकारी नोकरीत डेप्युटी रजिस्ट्रारच्या हुद्द्यावर होते. पेशा कागदपत्रांचा, पण डोक्यात उन्हाने घर केलेले. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो याने सूर्याच्या उष्णतेवर वाफेचे यंत्र चालविल्याचे त्यांना ठाऊक होते. ज्या देशात ऊन जेमतेम, तिथे हा प्रयोग होतो. मग जिथे आठ महिने आकाश निरभ्र असते तिथे का होऊ नये, असा त्यांचा सरळ सवाल होता. मूशोचा आरसा एखाद्या प्रचंड नरसाळ्यासारखा, करायला महाग आणि आकाराने मर्यादित. अ‍ॅडम्सनी साधे सपाट आरसे घेतले. सत्तरांहून अधिक आरसे लाकडी चौकटीत अर्धवर्तुळात असे बसविले की सर्वांचे कवडसे एकाच तांब्याच्या बॉयलरवर पडावेत. सूर्य सरकेल तशी चौकट चाकांवरून सरकवायला एक माणूस ठेवला. बॉयलरमध्ये वाफ धरली आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालू लागला. मिडल कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात पंधरा दिवस रोज हे यंत्र चालवून त्यांनी लोकांना ते पाहण्यास बोलाविले. त्याच साली ‘सोलर हीट’ हे त्यांचे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. उष्ण देशांत सरपणाची जागा सूर्य घेऊ शकेल, हे त्याचे प्रतिपादन.

अडीच अश्वशक्ती म्हणजे दोन-तीन बैलजोड्यांचे काम, तेही वैरणीवाचून. तरी हा पंप कुलाब्याच्या बंगल्याबाहेर पडला नाही. का, हे समजण्यासाठी तेव्हाच्या शेतकऱ्याकडे पाहावे लागते. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव करून सावकारांची कर्जखते जाळली होती. मागोमाग १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. अशा माणसाने तांब्याचा बॉयलर, शेकडो रुपयांचे आरसे आणि वाफेवर लक्ष ठेवणारा जाणकार माणूस कुठून आणावा? ज्यांच्याकडे पैसा होता त्या गिरणीवाल्यांना कोळसा सोयीचा होता. १८५४ सालीच रेल्वे ठाण्याहून आमच्या शिवारातून कल्याणला पोचली होती, आणि तिचे जाळे जसजसे पसरले तसतसा दगडी कोळसा मुंबईला सुलभ होत गेला. कोळसा रात्रीही जळतो, पावसातही जळतो. उन्हाच्या यंत्राची ज्याला खरी गरज त्याच्यापाशी दाम नव्हता, आणि दाम असणाऱ्याला गरज नव्हती.

हीच कथा पुढे इजिप्तमध्ये घडली. अमेरिकन संशोधक फ्रँक शुमन याने १९१३ साली कैरोजवळ मादी येथे प्रत्येकी सुमारे दोनशे फूट लांबीच्या पाच आरशांच्या पन्हळी मांडल्या आणि सूर्याच्या वाफेवर नाईलचे पाणी कापसाच्या शेतांना चढविले. वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले, कारागीर पांगले, आणि युद्धानंतर स्वस्त खनिज तेलाचे राज्य सुरू झाले. सूर्य पुन्हा अडगळीत गेला.

कुलाब्याच्या प्रयोगानंतर पाच वर्षांनी, १८८३ साली, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. अ‍ॅडम्सचे नाव त्यांच्या कानी आले होते की नाही हा प्रश्न इथे गौण आहे. मला या दोन पुस्तकांचे शेजार महत्त्वाचे वाटते. अ‍ॅडम्सचा प्रश्न होता, पाणी उपसायचे कशाने? जोतीरावांचा प्रश्न होता, उपसायला पाणी असेल का आणि ते मिळेल कोणाला? पावसाचे पाणी शेतातच मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळावे अशा बेताने ताली आणि बंधारे घालावेत, पाणाड्यांकडून गावोगावचे झरे शोधून नकाशांवर त्यांच्या खुणा कराव्यात, विहिरी खणणाऱ्यांस बक्षिसे द्यावीत, कालव्याच्या पाण्याला तोट्या बसवून शेतकऱ्याला गरजेपुरते मोजून पाणी द्यावे, अशा सूचना त्यांनी केल्या. अ‍ॅडम्सच्या प्रश्नाला यंत्राने उत्तर देता येते. जोतीरावांच्या प्रश्नाला माणसांनी एकत्र बसूनच उत्तर द्यावे लागते.

विसाव्या शतकाने पहिला प्रश्न सोडविण्याचा सपाटा लावला. नवी वस्तू शेतकरी डोळे मिटून घेत नाही, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांना सर्वांआधी कळले. त्यांचे लोखंडी नांगर सुमारे दोन वर्षे पडून राहिले होते. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती, असे सांगतात. पुढे त्याच नांगरांनी महाराष्ट्र उलथापालथा केला. १९४६ साली खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला आणि पन्नास-साठच्या दशकांत विहिरीविहिरीवर इंजिनाचा भकभकाट ऐकू येऊ लागला. मोटेची धाव गवताने भरली. पण इंजिनाला रोज तेल हवे, आणि तेल रोख पैशाने येते. मग १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, खांब शिवारात शिरले, आणि ज्याची तार आमच्या डोक्यावरून नुसती जात होती ती वीज अखेर शेतात उतरली. आज राज्यात चाळीस लाखांहून अधिक शेतीपंप विजेवर चालतात.

उतरली, पण कोणत्या वेळी? दिवसा कारखान्यांना आणि शहरांना वीज लागते, म्हणून शेतीच्या वाट्याला पाळी आली. काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री दहा तास. गेली कित्येक वर्षे लाखो शेतकऱ्यांनी गव्हाला, कांद्याला, भाजीपाल्याला पाणी दिले ते मध्यरात्री, हातात विजेरी घेऊन. पायाखाली साप, उसात बिबट्या, ओल्या हातात मोटारीचे बटण. जिथे जोडणीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, तिथे हा त्रास भोगण्याचेही भाग्य नव्हते. लहान शेतकऱ्याला सूर्याचा पंप पटला तो काही पर्यावरणाच्या व्याख्यानांनी नव्हे. रात्रीची झोप परत मिळते, हे त्याला सर्वांत आधी कळले.

मधल्या काळात सूर्याच्या यंत्रातून वाफ निघून गेली होती. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या चकतीवर ऊन पाडून सरळ वीज काढण्यात आली. ऊन शंभर भाग पडले तर वीज सहा भाग. ना बॉयलर, ना हलणारा सांधा. आरंभी ही वस्तू इतकी महाग की ती कृत्रिम उपग्रहांनाच परवडे. सत्तरच्या दशकात भाव उतरू लागले, आणि १९७७ साली पश्चिम आफ्रिकेतील माली या दुष्काळाने पोळलेल्या देशात फादर व्हेर्सपिरेन नावाच्या धर्मगुरूंनी गावांसाठी सूर्यपंप बसविण्यास प्रारंभ केला. त्याच साली भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात पहिला सौर घट तयार झाला. केंद्र सरकारने १९९२ च्या सुमारास सूर्यपंपांची योजना आखली. तिची चाल अनेक वर्षे गोगलगाईची होती. चीनमधील प्रचंड उत्पादनाने तावदानांचे भाव कोसळल्यावर मात्र चित्र पालटले. महाराष्ट्रात २०१८ साली एक लाख सौर पंपांची योजना जाहीर झाली, २०१९ साली केंद्राची पीएम-कुसुम योजना आली, आणि २०२४ साली राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना काढली. तिच्यात शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरायचा. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने विसावा. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचाचा, त्यावर साडेसातचा. अ‍ॅडम्सचा पंप अडीच अश्वशक्तीचा होता. आजच्या या योजनेतला धाकटा पंप तीन अश्वशक्तीचा आहे. शक्तीत फारसा फरक पडलेला नाही. किंमत कोणी भरायची, हे मधल्या काळात ठरले, एवढाच फरक.

माझी धाकटी बहीण मुरबाड तालुक्यात दिली आहे. भाऊबीजेला मी दरवर्षी तिच्याकडे जातो. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने विहिरीवर असा पंप बसविला. भाताची कापणी उरकून तो वाल आणि भेंडी लावण्याच्या घाईत होता. ओवाळणी झाल्यावर मला घेऊन तो विहिरीवर गेला आणि पंचाने तावदाने पुसू लागला. धूळ बसली की वीज घटते, हे त्याचे त्यालाच उमगले होते. मी विचारले, “ढग आले म्हणजे रे?” तो हसून म्हणाला, “मामा, ढग येतात तेव्हा आपल्याला पाणी लागतंच कुठे?” त्याचे म्हणणे बरोबर होते. आमच्या ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते, तेव्हा खाचरात गुडघाभर पाणी. आणि फाल्गुन-चैत्रात ऊन जसे तापते तशी पिकाची तहान आणि पंपाचा जोर दोन्ही बरोबरच वाढतात. या पंपाला बॅटरीही लागत नाही. दिवसा उपसलेले पाणी उंचावरच्या टाकीत साठविले की झाले.

मग तो गंभीर झाला. “पण मामा, ऊन फुकट झालं म्हणून विहीर काही मोठी झाली नाही,” तो म्हणाला. “आधी वीज जायची म्हणून विहिरीला विसावा मिळायचा. आता मीच बंद केला तर बंद. वरच्या अंगाला तिघांनी पंप घेतले. मार्चात माझं पाणी टिकेल का, ते त्यांच्या हातात आहे.”

जोतीरावांचा प्रश्न तो असा विहिरीच्या काठावर उभा राहून विचारीत होता. आपला सह्याद्री आणि दख्खन बेसाल्टचा. हा कातळ स्पंजासारखा पाणी धरीत नाही. भेगांत आणि मुरमात जे मुरते तेवढेच विहिरीला मिळते. डिझेल महाग म्हणून माणूस इंजिन आवरते घेई, विजेची पाळी संपली की पंप गप्प होई. सूर्यपंपाला हे दोन्ही लगाम नाहीत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एक पैसा न खर्चता तो उपसत राहील. शिवाय पंप मिळतो तो ज्याच्यापाशी विहीर, कूपनलिका किंवा शेततळे आहे त्याला. ज्या कातकरी किंवा ठाकूर कुटुंबाकडे एकरभर वरकस जमीन आहे आणि विहीर नाही, त्याच्या डोक्यावरचा सूर्य तेवढाच प्रखर असून त्याला त्याचा उपयोग नाही. शेजारचा शहापूर तालुका पाहा. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण तिथले, भातसा तिथले. मुंबईची तहान भागते ती याच मुलखावर, आणि उन्हाळ्यात तिथल्याच कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उपसण्याची शक्ती कमी पडली म्हणून हे घडले असे कोण म्हणेल?

या प्रश्नाला महाराष्ट्रानेच उत्तरे दिलेली आहेत, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम साधा होता: पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल; माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते; भूमिहीनालाही वाटा; आणि उसाला पाणी नाही. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली आणि पाऊस किती पडला ते मोजून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरविण्याची रीत पाडली. सूर्यपंपाच्या बाबतीत गुजरातेतील खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने आणखी एक वाट दाखविली. तिथे २०१६ साली सहा शेतकऱ्यांची सहकारी मंडळी उभी राहिली आणि उरलेली वीज ती वीज कंपनीला विकू लागली. पंप बंद ठेवला तर पैसे मिळतात म्हटल्यावर पाणी उगाच उपसण्याचा मोह आपोआप कमी होतो. महाराष्ट्राने २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना घेतली. तिच्यात उपकेंद्राजवळ सामायिक सौर प्रकल्प उभारून त्या वाहिनीवरच्या सर्व शेतकऱ्यांना दिवसा वीज द्यावयाची असते. एकट्याची तावदाने आणि सर्वांची वाहिनी, या दोन्ही वाटांनी रात्रीची जाग्रणे टळतील. पाण्याची वाटणी मात्र दोहोंपैकी एकीनेही आपोआप होणार नाही.

कुलाब्याच्या बंगल्यापासून मुरबाडच्या विहिरीपर्यंत सूर्य यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. पंधरा दिवसांत यंत्र चालून दाखविता येते, परंतु ते कर्जात बुडालेल्या माणसाच्या हाती पडायला भाव उतरावा लागतो, सरकारने हिस्सा उचलावा लागतो आणि शेजाऱ्याच्या वाफ्यात पाणी खेळताना दिसावे लागते. या तिन्ही गोष्टी आज जुळून आल्या आहेत. हा आनंदाचा भाग आहे, आणि तो मनमोकळेपणे साजरा करावा.

मात्र उपसा जितका सोपा, तितका हिशोब कडक हवा. दिवाळीला आपल्याकडे वहीपूजन होते. व्यापारी जुनी खाती मिटवून नवी चोपडी उघडतो. पावसाळाही याच सुमारास सरलेला असतो आणि विहिरी वर्षातल्या सर्वांत भरलेल्या असतात. विहिरीत दोर सोडून पाणी किती हात आहे ते पाहावे, गावातल्या सगळ्या विहिरींचे आकडे एका वहीत मांडावेत, आणि माघापर्यंत कोणी किती घ्यायचे ते चार माणसांत बसून ठरवावे, यासाठी याहून चांगला मुहूर्त नाही. सावकाराची वही एकेकाळी शेतकऱ्याने जाळली, कारण ती त्याची नव्हती. ही वही त्याची स्वतःची आहे, आणि ती त्यालाच लिहायची आहे.